सुट्टीचा सातबारा

जुनी वस्तू विकत कशी घ्यायची, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. बैल घ्यायचा तर दात बघतात, चार पावलं चालवून बघतात. सायकल घ्यायची तर चाक उचलून गरगर फिरवतात आणि रिंग डुलते का ते बघतात. घर घ्यायचं तर पावसाळ्यात बघावं, म्हणजे कुठे गळतं ते कळतं, असं आमचे वडील सांगायचे. शेताचं तर विचारूच नका, तलाठ्याकडून सातबारा काढला की अर्धं काम झालं. पण मंडळी, कुणी तुम्हाला जुनी सुट्टी विकायला काढली तर तिचे दात कुठे बघायचे?

हसू नका. अशी सुट्टी खरंच विकली जाते. टाइमशेअर म्हणतात त्याला. कंपनीची ठिकठिकाणी रिसॉर्ट असतात. आपण एकरकमी पैसे भरून सभासद व्हायचं आणि पुढची पंचवीस वर्षं (कुठे कमी, कुठे जास्त) दरवर्षी सात रात्री त्यांच्या खोलीत राहायचं. स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग नावाची कंपनी १९६३ साली या धंद्यात आली. अमेरिकेत १९७४ साली आरसीआय निघाली. आपला आठवडा देऊन दुसऱ्या ठिकाणचा आठवडा घ्यायचा, अशी अदलाबदलीची सोय तिने केली. आपल्याकडे स्टर्लिंग १९८६ मध्ये आणि महिंद्राची कंपनी १९९६ मध्ये सुरू झाली. म्हणजे त्या काळचे सभासद आता म्हातारे झाले, काही देवाघरी गेले, आणि त्यांची उरलेली वर्षं विकायला निघाली. मला लिहायचं आहे ते या उरलेल्या वर्षांबद्दल.

माझ्याकडे हा विषय एकाच वेळी दोन दारांनी आला. आमच्या शाळेतले एक सर २००७ साली निवृत्त झाले. भविष्य निर्वाह निधीचे पैसे हातात आले तेव्हा त्यांनी दोन लाख दहा हजार रुपये भरून अशा एका कंपनीचं पंचवीस वर्षांचं सभासदत्व घेतलं. (कंपनीचं नाव लिहीत नाही. नावाने काही फरक पडत नाही, नियम सगळीकडचे थोड्याफार फरकाने सारखेच.) सर २०२१ मध्ये गेले. वहिनी आरमोरीला एकट्या असतात. दुसरं दार म्हणजे माझा भाचा. तो बल्लारपूरला कोळसा खाणीत नोकरीला आहे, बायको, दोन शाळकरी मुलं. २०२४ च्या उन्हाळ्यात ब्रह्मपुरीला एका लग्नात दोघं शेजारी जेवायला बसले, बोलता बोलता विषय निघाला आणि पंगत उठायच्या आत सौदा ठरला. उरलेली आठ वर्षं, किंमत साठ हजार.

"मामा, साठ हजारात आठ वर्षं खोली भेटून राहिली," भाचा म्हणाला. "भाऊजी, तुम्ही फक्त कागद बघून द्या," वहिनी म्हणाल्या. दोघांचाही माझ्यावर विश्वास. विश्वासासारखी अडचणीची गोष्ट नाही हो! एकाचं भलं सांगायला जावं तर दुसऱ्याचं नुकसान सांगितल्यासारखं होतं.

कागद इंग्रजीत होते, अक्षर मुंगीएवढं. आमचं सगळं शिक्षण मराठीतून. पण मुलांना व्याकरण शिकवण्यात जन्म गेल्यामुळे एक सवय आहे. वाक्यात कर्ता कोण, कर्म कोण आणि क्रियापद कुणाच्या हातात, ते आधी शोधायचं. डिक्शनरी घेऊन तीन दुपारी बसलो.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती वहिनींच्या बोलण्यामुळे. त्या सगळ्यांना सांगत, "आमची गोव्याला खोली आहे." करारात मात्र खोलीची मालकी कुठेच नव्हती. खोली कंपनीची, जमीन कंपनीची, सभासदाला फक्त वापरण्याचा हक्क. या सुट्टीला सातबारा नाही. आमच्या जंगलपट्टीत हा फरक समजावून सांगावा लागू नये. निस्तार आपल्याला माहीत आहे. जमीन सरकारची, पण जळाऊ लाकूड, बांबू, गुरांची चराई यांचा हक्क गावाचा, आणि तो निस्तारपत्रकात लिहिलेला. पत्रकात जेवढं लिहिलंय तेवढाच हक्क. इथेही तसंच, फरक एवढाच की हे पत्रक कंपनीनेच लिहिलेलं आहे आणि ते बदलण्याची मुभाही तिने स्वतःकडे ठेवली आहे.

दुसरी गोष्ट दर वर्षाच्या वर्गणीची. खरी मेख इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत गावोगाव जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी बांधत आणलेले, पुढे मालगुजारांकडे गेलेले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच मामा तलाव म्हणू लागले. (भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे मामा, तलाव तुमच्याच नावचा आहे नं!") त्या तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना पाळीपाळीने मिळायचं. पण पाणी घेणाऱ्यांवर दुसरीही एक जबाबदारी असायची. पाळीवर माती टाकायची, गाळ काढायचा, पाट साफ करायचे. मालगुजारी गेल्यावर पाणी सगळ्यांना हवं होतं आणि डागडुजी कुणाचीच नव्हती. पुष्कळ तलाव गाळाने भरले ते त्यामुळे.

टाइमशेअरवाल्यांनी ही अडचण ओळखून करारातच बंदोबस्त करून ठेवला आहे. गाद्या, रंग, पोहण्याचा तलाव, माळी, वॉचमन या सगळ्यांचा खर्च सभासदांनी वाटून द्यायचा. तीच वार्षिक वर्गणी. कुणी तिला मेंटेनन्स म्हणतं, कुणी सबस्क्रिप्शन. तुम्ही जा किंवा जाऊ नका, ती भरावीच लागते. यात गैर काही नाही, तलाव राखायचा तर माती टाकलीच पाहिजे. पण जुनं सभासदत्व विकत घेणारा माणूस फक्त पाण्याची पाळी बघतो. मातीची टोपली त्याच्या डोक्यावर कधी आली ते त्याला कळतच नाही.

शिवाय ही टोपली किती जड असेल ते कोण ठरवणार? करारात वाक्य होतं, त्याचा मराठीत अर्थ असा की कंपनी वेळोवेळी ठरवेल त्या दराने सभासदाने वर्गणी भरावी. हा 'वेळोवेळी' शब्द बघा. किती साधा, गरीब शब्द! पण अख्ख्या करारात याच्याएवढा महाग शब्द दुसरा नाही. सरांनी २००७ मध्ये पहिली वर्गणी भरली ती सात हजार होती. २०२४ च्या बिलावर साडेसतरा हजार होते आणि वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे २०,६५० रुपये. कराराचा एक शब्दही बदलला नव्हता.

तिसरी गोष्ट, थकबाकी. सर गेल्यापासून २०२२, २०२३ आणि २०२४ अशा तीन वर्षांची वर्गणी भरलेली नव्हती. वहिनींना वाटत होतं की माणूस गेला म्हणजे बिल थांबलं. कंपनीला कुणी कळवलंच नव्हतं, तर बिल कसं थांबणार? ते सरांच्या जुन्या ई-मेलवर येत राहिलं. व्याजासकट ६८,४०० रुपये. आणि थकबाकी असताना सभासदत्व कुणाच्याही नावावर होत नाही, असा नियम.

चौथी, नाव बदलण्याची फी. सभासदत्व नात्याबाहेरच्या माणसाच्या नावावर करायचं तर पंचवीस हजार आणि जीएसटी, म्हणजे २९,५००. त्यातही आमचं प्रकरण दोन पायऱ्यांचं. कागद सरांच्या एकट्याच्या नावावर. आधी मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, मुलाची नाहरकत देऊन ते वहिनींच्या नावावर करायचं, आणि मगच वहिनींनी भाच्याला द्यायचं. सौद्याच्या वेळी पंगतीत बसलेल्या कुणालाच हे ठाऊक नव्हतं, कारण तिसरा पक्ष तिथे नव्हताच. जुनी सायकल दोघांत विकली जाते. जुनी सुट्टी तिघांत विकली जाते, आणि नियम तिसऱ्याचे असतात.

मग मी वहीचं एक पान घेतलं आणि भाच्यासमोर हिशेब मांडला. वहिनींना ६०,०००. नावबदल २९,५००. थकबाकी ६८,४००. बेरीज १,५७,९००. अजून एक रात्रही झोपलेला नाही! पुढे २०२५ ते २०३२ अशी आठ वर्षं वर्गणी. आजवरची वाढ वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास पडते, मी सहा धरले. पहिल्या वर्षी २०,६५० धरून आठ वर्षांचे साधारण २ लाख ४ हजार ४०० होतात. एकूण ३ लाख ६२ हजार ३००. रात्री किती? आठ साते छप्पन. एका रात्रीला ६,४७० रुपये पडले, जेवण वेगळं, गाडीभाडं वेगळं.

आणि हे कधी, तर छप्पनच्या छप्पन रात्री वापरल्या तर. खाणीतल्या माणसाला सलग सात दिवस रजा दरवर्षी मिळते का? वर्षाला चार रात्रीच वापरल्या तर बत्तीस रात्री होतात आणि एकेक रात्र अकरा हजारांच्या वर जाते. वर्गणी मात्र सातांचीच. भाच्याने तिथल्या तिथे मोबाइलवर त्याच गावातल्या चांगल्या हॉटेलांचे दर काढले. नेहमीच्या दिवसांत पाच-सहा हजार, तेही लागेल तेव्हाच द्यायचे. तो काही बोलला नाही, फक्त वही आपल्याकडे ओढून बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली. बरोबर होती.

वहिनींनी थकबाकी आपल्याकडे घेतली आणि किंमत शून्य केली तर? तेही केलं. २९,५०० आणि वर्गणी मिळून २,३३,९००. छप्पन रात्रींना भागलं तर ४,१७७. हा भाव वाईट नाही. निवृत्त जोडपं असेल, कधीही निघता येत असेल, दरवर्षी सातही रात्री राहणार असेल, तर जरूर घ्यावं. असं आनंदाने फिरणारं एक जोडपं माझ्या ओळखीचंही आहे. म्हणजे वस्तू खोटी नाही. ती कुणाच्या अंगाला बसते एवढाच प्रश्न.

भाच्याच्या अंगाला ती बसत नव्हती, त्याचं खरं कारण रंगात होतं. या धंद्यात वर्षाचे आठवडे हंगामांत वाटतात आणि हंगामांना रंगांची नावं देतात. लाल म्हणजे गर्दीचा, पांढरा मधला, निळा ओसरीचा. लाल महाग, निळा स्वस्त. सरांचं सभासदत्व पांढऱ्या हंगामाचं होतं. शिक्षक असूनही त्यांनी पांढरा घेतला, कारण निवृत्तीनंतर त्यांना दिवाळी आणि मे मोकळे ठेवायचे होते, नातवंडं घरी येतात म्हणून. भाच्याला मात्र मुलांच्या शाळेमुळे दिवाळी आणि मे सोडून दुसरे दिवसच नाहीत. पांढऱ्या सभासदाला लाल आठवडा मागता येत नाही, किंवा फरक भरून जागा उरली तरच. म्हणजे त्याने आठ वर्षं वर्गणी भरली असती आणि जायला निघाला असता तेव्हा दार बंद! आपल्या ताडोब्याचं उदाहरण घ्या. गाभा क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंद, एरवी मंगळवारी बंद. आपल्याला हे ठाऊक असतं म्हणून आपण मंगळवारी जात नाही. बाहेरचा माणूस रिसॉर्टमध्ये खोली मिळाली म्हणून खुशीत येतो आणि मग कळतं की खोली म्हणजे सफारी नव्हे, तिचं बुकिंग आणि पैसे वेगळे. खोलीच्या हक्काबरोबर काय काय येत नाही, ते आधी विचारायचं असतं.

हे सगळं मी कंपनीकडून लेखी मागवलं. आधी फोन केले होते. फोनवर एक मुलगी म्हणाली, "सगळं होऊन जाईल सर, काही प्रॉब्लेम नाही." दुसरी म्हणाली, साठवलेल्या रात्रीही मिळतील. लेखी उत्तर आलं त्यात साठवलेल्या रात्री नावबदलाबरोबर रद्द, असं स्वच्छ लिहिलेलं. फोनवरचा गोडवा आणि कागदावरचा मजकूर यांची गाठ पडेलच असं नाही. पत्रातले माझे प्रश्न इथे देऊन ठेवतो, कुणाला उपयोगी पडले तर पडोत.

१. सभासदत्व आज कुणाच्या नावावर आहे आणि नेमक्या कोणत्या तारखेला संपतं?
२. आजची थकबाकी व्याजासह किती? कर्जाचा हप्ता बाकी आहे का?
३. नावबदलाची फी करासह किती, कागद कोणते, आणि कंपनी नावबदलाला नकार देऊ शकते का?
४. गेल्या पाच वर्षांत दर वर्षी वर्गणी किती होती?
५. हंगाम कोणता, खोली केवढी, किती माणसं राहू शकतात, किती दिवस आधी बुकिंग उघडतं?
६. साठवलेल्या रात्री, अदलाबदलीची सोय, पाहुण्यांना पाठवण्याची मुभा, यांतलं नव्या सभासदाला काय मिळतं आणि काय मिळत नाही?
७. मुदतीच्या आधी सोडायचं असेल तर कसं सोडायचं, आणि सभासद वारला तर वर्गणीचं काय?

सातव्या प्रश्नाचं उत्तर घेतल्याशिवाय कुणीही सही करू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. आत शिरण्याचा रस्ता सगळे दाखवतात.

भाच्याच्या एका मित्राने मध्येच सुचवलं की घेऊन ठेव, गुंतवणूक म्हणून, पुढे विकता येईल. इथे मला राहवलं नाही. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीयांनी ही गोष्ट एकदा मोठी किंमत देऊन शिकली आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्जने हॉटेलच्या रात्री विकल्या होत्या, आणि रात्री वापरल्या नाहीत तर मुदतीनंतर वाढीव रक्कम परत मिळेल असं सांगितलं होतं. बहुतेकांनी सुट्टीसाठी नव्हे तर त्या परतीच्या रकमेसाठीच पैसे भरले. फेब्रुवारी २०१६ मध्ये सेबीने ठरवलं की ही सुट्टीची विक्री नव्हेच, परवानगीशिवाय चालवलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे, आणि पैसे परत करण्याचा आदेश दिला. आकडा सुमारे ७,०३५ कोटींचा होता आणि पैसे भरणारे पन्नास लाखांहून अधिक! आदेश झाला तरी माणसं पुढे वर्षानुवर्षं आपल्या पैशांसाठी खेटे घालत राहिली. सरांची कंपनी तसली नव्हती, तिने कधी पैसे परत द्यायचं कबूल केलं नव्हतं. पण म्हणूनच ती गुंतवणूकही नव्हती. सोनं ठेवलं तर राहतं. सुट्टी दर वर्षी सात रात्रींनी कमी होते, कापरासारखी. अमेरिकेत तर लोक आपला टाइमशेअर एक डॉलरला द्यायला काढतात, का, तर पुढची वर्गणी चुकावी म्हणून.

आता आरमोरीला जाणं आलं. वैनगंगेचा पूल ओलांडताना मी वाक्यं जुळवत होतो, एकही धड जुळलं नाही. वहिनींनी चहा केला, मी वही उघडली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "पण भाऊजी, फोनवर एक माणूस दीड लाख सांगत होता. बारा हजार भरा, गिऱ्हाईक आमच्याकडे तयार आहे म्हणाला. मी घरचा माणूस म्हणून साठच सांगितले."

त्यांनी ते बारा हजार भरले नव्हते, ही देवाची कृपा. जुने सभासद शोधून त्यांना असे फोन करणारे पुष्कळ आहेत. आधी फी घेतात आणि गिऱ्हाईक कधीच येत नाही. युरोपात २००८ च्या नियमाने असा प्रकार बंद केला, विक्री पूर्ण होईपर्यंत मध्यस्थाला एक पैसाही आगाऊ घेता येत नाही, आणि टाइमशेअर घेणाऱ्याला सही केल्यावर चौदा दिवसांत माघार घेता येते. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही. मी वहिनींना हे सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण लक्ष वहीतल्या शून्यावर होतं.

"म्हणजे यांनी दोन लाख पाण्यात घातले, असंच ना?"

मला तेव्हा कळलं की साठ हजारांची त्यांना गरज नव्हतीच. पेन्शन आहे, मुलगा बघतो. सरांनी घेतलेली वस्तू कुणीतरी साठ हजारांना मागावी, एवढंच त्यांना हवं होतं. आणि मी वही घेऊन आलो होतो आणि त्या वस्तूची किंमत शून्य काढली होती. पुढच्या दिवाळीपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. फोन यायचा तो आमच्या सौभाग्यवतींना. भाचा उगीच ओशाळा झाला, म्हणाला, "मामा, मी घेऊन टाकतो, वहिनींना वाईट वाटून राहिलं." मी म्हटलं, वाईट वाटणं एका वर्षात ओसरेल, वर्गणी आठ वर्षं ओसरायची नाही.

पण तोडगा काढायला हवाच होता, नाहीतर बिल वाढतच राहिलं असतं. चंद्रपूरच्या एका वकिलांना दाखवलं. ते म्हणाले, मयताचं देणं वारसाला मिळालेल्या मिळकतीपुरतं असतं, मुलाच्या पगारावर ते चढत नाही. वहिनींच्या मनातली मोठी भीती तीच होती, ती गेली. मग त्यांच्या सहीने कंपनीला रजिस्टर पत्र पाठवलं. सभासद वारल्याचा दाखला सोबत, सभासदत्व पुढे चालवायचं नाही, करारातल्या कलमाप्रमाणे रद्द करावं. आधी उत्तर आलं की थकबाकी भरा, मग बघू. दुसरं पत्र पाठवलं, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक पत्रात घातला. जरूर पडली तर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ, असंही लिहिलं. करारात वाद परगावच्या कोर्टात चालेल असं छापलेलं होतं. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. गडचिरोलीच्या माणसाने मुंबई-चेन्नईच्या नावाला घाबरून गप्प बसायचं कारण नाही.

जून २०२५ मध्ये पत्र आलं. सभासदत्व रद्द, कुणाचं कुणाकडे काही देणं नाही. मिळालं काहीच नाही, पण दर वर्षीचं बिल थांबलं. ते पत्र घेऊन मी पुन्हा आरमोरीला गेलो. वहिनींनी ते सरांच्या सर्व्हिस बुकाच्या फाइलीत नीट लावून ठेवलं आणि कपाटातून अल्बम काढला. चौदा वर्षांत दोघं चारदा गेले होते. उटी, गोवा, महाबळेश्वर आणि पुन्हा गोवा. एका फोटोत सर पँट दुमडून पाण्यात उभे आणि वहिनी लुगडं सावरत काठावरच. बल्हारशाहून गाडीत बसून दीड दिवसाने पोचलेली, साठीच्या उंबरठ्यावरची बाई, पहिल्यांदा समुद्र बघणारी.

मी म्हटलं, "वहिनी, दोन लाख पाण्यात गेले ते असे गेले."

त्या हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "ते म्हणाले नसते तर मी निघाले नसते, भाऊजी. पैसे भरले आहेत, आता जावंच लागेल, असं म्हणून न्यायचे." मला वाटतं, सरांनी विकत घेतलं होतं ते हेच, आपल्या बायकोला घराबाहेर काढण्याचं निमित्त. ते त्यांनी वापरलं आणि ते संपलं. त्याचा फेरविक्रीचा भाव काढायला बसणं म्हणजे जेवलेल्या जेवणाचा भाव काढण्यासारखं आहे.

भाचा त्या दिवाळीत मुलांना घेऊन पचमढीला गेला, साध्या हॉटेलात, चार रात्री. पुढच्या वर्षीचं बिल त्याला कुणी पाठवणार नाही.

असो. आपल्या नातलगांपैकी आणखी दोघांच्या कपाटात असलं प्लास्टिकचं कार्ड आहे, हे मला ठाऊक आहे (नावं घेत नाही, वाचत आहात!). जात असाल तर जरूर जा, सातही रात्री राहा. जात नसाल तर यंदाचं बिल यायच्या आत कराराचे कागद शोधून ठेवा आणि सातव्या प्रश्नाचं उत्तर लेखी मागवा. इंग्रजी फारच बारीक असेल तर घेऊन या. दुपारी तीननंतर मी घरीच असतो, डिक्शनरी टेबलावरच आहे.